फूल, दोन पानं आणि मेपलचं पान

भाच्याने पुण्याहून कॅनडाचा एक नकाशा पाठवला. अल्बर्टा आणि सस्काचेवान हे दोन प्रांत तांबडे, बाकी सगळा देश निळा. मी क्षणभर गोंधळले, कारण आमच्याकडे रंग नेमके उलटे असतात. लिबरल पक्ष तांबडा, कन्झर्व्हेटिव्ह निळा. एकोणीस वर्षं मी कॅलगरीत राहते आणि निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर आमचा प्रांत निळाशार होताना दर वेळी बघते. नकाशातले रंग अमेरिकेचे होते. तिथे रिपब्लिकन तांबडे, डेमोक्रॅट निळे. खाली त्याने लिहिलं होतं, "मावशी, कॅनडा अमेरिकेत गेला तर कुठला प्रांत कुणाला मत देईल ते काढलंय. तुमचं अल्बर्टा म्हणजे दुसरं टेक्सासच की गं!"

पोरगा हुशार आहे, संख्याशास्त्र शिकतो. त्याची रीत सरळ होती. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीचे आकडे घ्यायचे, कन्झर्व्हेटिव्हांची मतं रिपब्लिकनांच्या पदरात टाकायची, उरलेली डेमोक्रॅटांच्या. अल्बर्टात शंभरातल्या त्रेसष्ट-चौसष्ट जणांनी कन्झर्व्हेटिव्हांना मत दिलं, ३७ पैकी ३४ जागा त्यांच्या. सस्काचेवानमध्ये १४ पैकी १३. तेव्हा हे दोन तांबडे, प्रश्न मिटला.

मी दोन दिवस त्याला उत्तर दिलं नाही. मला राग आला होता आणि राग यावा असं त्या बिचाऱ्याने काही केलं नव्हतं. त्याच्यासाठी तो एक छान गणिती खेळ होता. आम्ही मात्र ज्या हिवाळ्यातून गेलो, त्याचा वास त्या नकाशाला येत होता.

नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी ट्रम्प यांनी आमचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांना जेवणाच्या टेबलावर म्हटलं की जमत नसेल तर एक्कावन्नावं राज्य व्हा. सुरुवातीला इथले लोक हसले. मग ट्रम्प ट्रुडोंना 'गव्हर्नर', म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा प्रमुख, म्हणू लागले. मग आयातशुल्काची धमकी आली आणि मार्चमध्ये ते शुल्क खरोखर लागू झालं. तेव्हा हसू थांबलं. दुकानात माणसं डबा उचलून मागची बारीक अक्षरं वाचायला लागली, माल कुठला आहे ते बघायला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर जानेवारीच्या थंडीत, उणे पंचवीस तापमानात, हातमोजे काढून दाराजवळ मेपलच्या पानाचा झेंडा बांधला. खिळा ठोकताना त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी खिडकीतून बघत होते. तोवर त्या घरावर कधी झेंडा दिसला नव्हता.

त्यांच्याविषयी पुढे सांगते. आधी भाच्याचा हिशेब त्याच्याच पद्धतीने पुरा करू, कारण तो केला आणि मलाच नवल वाटलं.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या जागा ४३५ वर बांधलेल्या आहेत. नवं राज्य आलं म्हणून कायमच्या जागा वाढत नाहीत, बाकीच्यांच्या ताटातून काढून द्याव्या लागतात. अमेरिकेची २०२० च्या जनगणनेतली लोकसंख्या ३३ कोटी, कॅनडाची २०२१ ची ३ कोटी ७० लाख. ढोबळ मानाने चव्वेचाळीसेक जागा आमच्या वाट्याला येतात. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन. ट्रम्प म्हणतात तसं सगळ्या कॅनडाचं मिळून एकच राज्य केलं, तर एवढ्या अवाढव्य देशाला सिनेटर किती? दोन. वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत आहे, त्यालाही दोनच. समजा मन मोठं करून दहाही प्रांतांना दहा राज्यं मानलं, तर वीस सिनेटर होतात आणि अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात आमची चौसष्टेक मतं. आता २०२४ ची निवडणूक पुन्हा मांडा. निवडणुकीआधी लेजर या संस्थेने इथे विचारलं होतं, तुम्हाला मत असतं तर कुणाला दिलं असतं? शंभरातल्या चौसष्ट जणांनी कमला हॅरिस म्हटलं, एकवीस जणांनी ट्रम्प. म्हणून दहाच्या दहा प्रांत हॅरिस यांना देऊन टाकू, अल्बर्टासकट. तरीही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी दोनदा बेरीज केली, मंडळाच्या मतांत ट्रम्पच थोडक्यात पुढे राहतात. लोकांच्या एकूण मतांत ते मागे पडतात, कारण त्यांची सगळी आघाडी तेवीसेक लाखांची होती आणि आमच्याकडे २०२५ मध्ये एक कोटी नव्वद लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. पण अध्यक्ष तेच.

म्हणजे देशच्या देश एका बाजूला उभा राहिला तरी घरावर सही दुसऱ्याचीच. प्रिन्स एडवर्ड आयलंड हा आमचा सगळ्यात लहान प्रांत, वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. आमच्या राजधानीत, ऑटवाच्या संसदेत, त्याचे चार खासदार आहेत आणि ते कमी करता येत नाहीत, असं संविधानाने बांधून दिलंय. वॉशिंग्टनमध्ये त्याला एक प्रतिनिधी मिळेल. तिथल्या बटाट्याच्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगायला नकाशा लागत नाही.

आता शेजारचे गृहस्थ. सत्तरी पार केलेली. सगळी हयात तेलाच्या धंद्यात गेली, ड्रिलिंगच्या रिगवर सुरुवात केली आणि शेवटी यंत्रांच्या देखभालीत निवृत्त झाले. दारात पिकअप ट्रक आहे आणि आजवर एकदाही कन्झर्व्हेटिव्हांशिवाय दुसऱ्याला मत दिलेलं नाही. ऑटवावर त्यांचा राग आहे आणि त्या रागाला कारण आहे. १९८० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऊर्जा धोरण आणलं, तेलाच्या दराला वेसण घातली, उत्पन्नातला वाटा वाढवून घेतला. पाठोपाठ मंदी आली. यांची नोकरी गेली, व्याजाचे दर आभाळाला भिडलेले, घर बँकेच्या घशात गेलं. ते घर कुठल्या रस्त्यावर होतं ते अजून मला गाडीतून जाताना दाखवतात. पूर्वेकडचे लोक आमच्या तेलावर पोसले जातात आणि वर आम्हालाच नाकं मुरडतात, हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेल. भाच्याच्या नकाशातला तांबडा रंग भरायला यांच्याइतका अस्सल माणूस शोधून सापडायचा नाही.

२० फेब्रुवारी २०२५ ला बॉस्टनमध्ये कॅनडा-अमेरिका आइस हॉकीचा अंतिम सामना झाला. त्यांनी आम्हाला घरी बोलावलं होतं. जादा वेळेत कॉनर मॅकडेव्हिडने गोल केला, कॅनडा ३-२ ने जिंकला. मॅकडेव्हिड एडमंटनच्या संघाचा. कॅलगरीकराने एडमंटनच्या खेळाडूसाठी टाळी वाजवणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. हे गृहस्थ खुर्चीतून उठले, दोन्ही हात वर केले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बायकोने त्यांचा हात धरून खाली बसवलं, त्यांच्या छातीवर शस्त्रक्रिया झालेली आहे म्हणून.

ती शस्त्रक्रिया मला आठवते. बायपास. अकरा दिवस रुग्णालयात. घरी आल्यावर ते म्हणाले होते, "एकूण खर्च सांगू? पार्किंग." मी जन्माने भारतातली आहे, दवाखान्याच्या बिलासाठी मंगळसूत्र गहाण पडलेलं माझ्या माहितीच्या घरात बघितलंय. त्या एका शब्दाचं मोल मला कुणी समजावून द्यायला नको. हॉकीच्या रात्री मी त्यांना विचारलं, तुम्ही अमेरिकेत मत द्यायला गेलात तर कुणाला द्याल? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिथे माझा पक्ष नाही." सरकारी खर्चाने उपचार देणारं दवाखान्याचं कार्ड खिशात ठेवून, बंदुकीला परवाना लागतो हे मान्य करून, तरीही कर कमी करा म्हणणारा पक्ष तिथे कुठला, असं त्यांनीच मला विचारलं. मला सांगता आलं नाही.

आणि सस्काचेवान! त्या नकाशात सगळ्यात गडद तांबडा तोच रंगवलेला. सरकारी खर्चाने सगळ्यांना डॉक्टर हे आख्ख्या कॅनडात सर्वांत आधी केलं कुणी? याच सस्काचेवानने, १९६२ मध्ये. डॉक्टरांनी त्याविरुद्ध तेवीस दिवस संप केला, तरी प्रांत मागे हटला नाही. ज्यांनी ही वाट घालून दिली ते टॉमी डग्लस या गव्हाच्या प्रांताचे मुख्यमंत्री होते, आणि २००४ मध्ये सीबीसीने लोकांना सर्वांत थोर कॅनडियन निवडायला सांगितलं तेव्हा लोकांनी त्यांनाच निवडलं. आज तिथला शेतकरी कन्झर्व्हेटिव्हांना मत देतो आणि दवाखान्याचं कार्डही खिशात ठेवतो. त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण ते कार्ड तिथल्या निवडणुकीत पणाला लागलेलंच नसतं. ज्या दिवशी ते पणाला लागेल त्या दिवशी हाच माणूस कुठे शिक्का मारेल, हे २०२५ च्या आकड्यांतून काढायचं कसं?

हे मी एवढ्या खात्रीने का बोलते, तर आमच्या घरात एक असं मत होऊन गेलंय.

माझी आजी पेडण्याची. गोव्याचा अगदी उत्तरेचा तालुका, पलीकडे सावंतवाडी. घरात बोलणं कोंकणी, पोथी मराठी, भजन मराठी, शाळा मराठी. बाजाराला बांद्याला जायचं, सोयरिकी सावंतवाडीकडे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित ठेवायचा? मतपत्रिकेवर विलीनीकरणाची खूण होती फूल आणि वेगळं राहण्याची दोन पानं. आजीने फुलावर शिक्का मारला. आम्ही लहान असताना ती ती गोष्ट सांगायची. नवं लुगडं नेसून गेले, रांगेत पायाखाली खडी टोचत होती, शाईचं बोट दोन दिवस कुणाला लागू दिलं नाही. फूल हरलं. १,७२,१९१ मतं दोन पानांना, १,३८,१७० फुलाला. चौतीस हजारांचा फरक. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इकडे फुलाला जास्त, आणि सासष्टीत दोन पानांना भरभरून.

पण मला सांगायचंय ते आजीच्या थोरल्या दिरांचं. ते मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर यांचा फोटो त्यांच्या देवघराशेजारी होता. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, राज्यात ज्यांनी मान खाली घालून दिवस काढले, त्यांना भाऊंनी मान वर करायला शिकवलं, असं ते सांगत. आणि विलीनीकरण हा तर मगोचा जाहीर ध्यास! तरी त्या दिवशी ते दोन पानांवर शिक्का मारून आले. घरात अबोला धरला गेला. आजीने विचारलं, तर म्हणाले, "मत भाऊंनाच. पण घराची चावी मुंबईला कशाला?"

अडीच महिन्यांच्या आत, २८ मार्चला, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या गोव्याने विलीनीकरण नाकारलं, त्याच गोव्याने विलीनीकरणवाद्यांना पुन्हा सत्तेवर बसवलं. तीसपैकी सोळा जागा मगोला, विलीनीकरणाच्या विरोधातल्या, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. १९६३ च्या निवडणुकीचे आकडे घेऊन कुणी जनमत कौलाचा नकाशा काढला असता, तर तो तोंडावर आपटला असता. मत पक्षाला मागितलं की एक माणूस उत्तर देतो, घराला मागितलं की त्याच्याच आतला दुसरा. आजीच्या दिरांना त्या दोन शिक्क्यांत कधीच विरोध दिसला नाही. आजीला मात्र मरेपर्यंत हुरहुर होती आणि तिची हुरहुरही मला खोटी वाटत नाही. सावंतवाडीचा बाजार तिच्यासाठी परका मुलूख नव्हताच.

खुद्द कॅनडात असं एकदा खरोखर घडलंय. न्यूफाउंडलंड हा १९४९ पर्यंत कॅनडाचा भाग नव्हता. ती वेगळी सत्ता होती. कर्जात बुडाल्यावर १९३४ मध्ये तिने स्वराज्यच सोडून दिलं आणि लंडनने नेमलेल्या आयोगाच्या हाती कारभार गेला. महायुद्धात अमेरिकेने तिथे लष्करी तळ बांधले, रोख मजुरी पहिल्यांदा लोकांच्या हातात पडली. युद्धानंतर विचारणा झाली, आता काय करायचं? अमेरिकेशी आर्थिक संयोग करावा म्हणणारा एक जोरदार गट होता, पण तो पर्याय मतपत्रिकेवर आलाच नाही. ३ जून १९४८ ला पहिलं मतदान झालं, तीन पर्यायांत कुणालाच बहुमत नाही. २२ जुलैला दुसरं, आणि ५२.३ टक्क्यांनी कॅनडा जिंकला. फरक सुमारे सात हजार मतांचा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही न्यूफाउंडलंडच्या राजधानीत, सेंट जॉन्सला, गेलो होतो. ज्या घरी उतरलो त्या घरमालकीण बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सांगितलं की १ एप्रिल १९४९ च्या सकाळी त्यांच्या वडिलांनी दाराला काळं कापड बांधलं होतं. आणि आईने? आई आत स्वयंपाकघरात मुलांची नावं आणि जन्मतारखा एका कागदावर लिहीत होती, कारण कॅनडात प्रत्येक मुलामागे सरकारकडून दरमहा भत्ता मिळायचा. सहा मुलं होती. कॅनडात जाऊ म्हणणाऱ्यांचे पुढारी जोई स्मॉलवुड यांनी प्रचारात हाच भत्ता गावोगाव नेला होता. राजधानीच्या द्वीपकल्पात लोकांनी वेगळं राहण्याला मतं दिली, लांबच्या कोळीवाड्यांनी कॅनडाला. एकाच घरात तर दोन्ही बाजू होत्या.

जोडल्यावर काय झालं ते तर कुठल्याच नकाशात मावलं नसतं. कॅनडावाले तिथले लिबरल झाले, विरोधवाले कन्झर्व्हेटिव्ह झाले आणि स्मॉलवुड पुढे तेवीस वर्षं मुख्यमंत्री राहिले. म्हणजे देशाच्या पक्षांना मत देऊन लोक देशात आले नाहीत, देशात आले त्या भांडणातून त्यांचे पक्ष ठरले.

क्यूबेकवर भाच्याने सरळ निळा ब्रश फिरवला होता. १९९५ मध्ये त्या प्रांतातल्या ४९.४२ टक्के लोकांनी कॅनडातून बाहेर पडायला होकार दिला होता, पन्नास-पंचावन्न हजार मतांवर सगळं अडलं. फ्रेंच भाषेसाठी ज्यांनी कायदा केला, पाट्यांवरून भांडणं केली, ते लोक इंग्रजीला एकमेव राजभाषा ठरवणाऱ्या हुकमाखाली गपगुमान डेमोक्रॅट होऊन बसतील? मार्च २०२५ मध्ये तसा हुकूम वॉशिंग्टनमध्ये निघालाच. त्यांचा तिथेही स्वतःचा पक्ष उभा राहील, याबद्दल मला शंका नाही. आणि पुढच्याच महिन्यात, क्यूबेकच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या ब्लॉक पक्षाच्या जागा ३२ वरून २२ वर आल्या. ज्यांना या घरातून वेगळं व्हायचं होतं त्यांतल्याही कित्येकांनी, बाहेरचा माणूस दारावर लाथ मारतोय म्हटल्यावर, आतून दाराला पाठ लावली.

अल्बर्टात वेगळं होऊ म्हणणारे नाहीत असं मी म्हणणार नाही. माझ्या कामावरचा एक सहकारी उघड म्हणतो की अमेरिका परवडली. त्याचा मुलगा टेक्सासमध्ये तेलावर आहे, पगार ऐकून याला वाटतं आपण इथे आयुष्य फुकट घालवलं. त्याचं दुःख खरं आहे. तासाभराच्या अंतरावर ओल्ड्स गाव आहे. तिथल्या मतदारसंघात फेब्रुवारी १९८२ मध्ये फुटीरवादी उमेदवार खरोखर निवडून आला होता. त्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा त्या पक्षाची एकही जागा आली नाही. जून २०२५ मध्ये त्याच भागात पुन्हा पोटनिवडणूक झाली, वेगळं होऊ म्हणणारा तिसरा आला.

त्या ऑगस्टमध्ये मी शनिवारच्या शेतकरी बाजारात गेले होते. ताबेरच्या मक्याचे दिवस. इथे लोक त्या मक्याची वाट बघतात, आपण हापूसची बघतो तशी. एका कोपऱ्यात टेबल मांडून दोन बाया सह्या घेत होत्या. अल्बर्टाने कॅनडातच राहावं, असं तुम्हाला मान्य आहे का? पुढाकार एका माजी उपमुख्यमंत्र्यांचा, तेही जुन्या कन्झर्व्हेटिव्ह सरकारातले. पुढे चार लाखांहून जास्त सह्या जमल्या. तेव्हा रांग लहान होती, वीसेक माणसं, ऊन डोक्यावर. माझ्या पुढे तिसऱ्या नंबरवर आमचे शेजारी उभे होते, डोक्यावर कन्झर्व्हेटिव्हांची निळी टोपी.

त्यांचा नंबर आला तशी त्यांनी वळून मला बघितलं आणि मक्याची पिशवी माझ्याकडे दिली. बारा कणसं होती, जड. चष्मा पुसला. नाव, पत्ता, फोन, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि सहीच्या रकान्यात रेघेबाहेर जाईल एवढी मोठी सही केली. मग माझी सही होईपर्यंत थांबले. पिशवी परत घेतली आणि गाडीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर ऑटवाने पाइपलाइनचं कसं वाटोळं केलं ते मला सांगत राहिले.

घरी येऊन मी भाच्याला फोन केला. नकाशाचं विचारलं, तर म्हणाला, "मग मावशी, अल्बर्टाला कुठला रंग देऊ?" मी म्हटलं, तुझ्या पणजीच्या थोरल्या दिरांची एक गोष्ट आहे, वेळ आहे का तुला?